प्रज्वलन-वेटोळे, मोटारगाडीचे

प्रज्वलन-वेटोळे, मोटारगाडीचे : पेट्रोल वा तत्सम इंधनावर चालणाऱ्या अंतर्ज्वलन-एंजिनात इंधन व हवा यांचे मिश्रण पेटविण्यासाठी विद्युत् ठिणगी लागते. ही ठिणगी पडण्यासाठी गाडीतील विद्युत् घटमालेच्या १२ व्होल्ट दाबाचे रूपांतर हजारो व्होल्टच्या दाबात करणाऱ्या उपकरणास प्रज्वलन-वेटोळे म्हणतात. नेहमीच्या बोलण्यात ते ‘कॉइल’ या नावाने ओळखले जाते. वेटोळ्यापासून निघालेला उच्च दाब सिलिंडराच्या माथ्यात बसविलेल्या ठिणगी-गुडदीच्या (स्पार्क प्लगच्या) दोन अग्रांमध्ये येतो व त्यांमधील फटीतून ठिणगी उडते. वेटोळे दुबळे असल्यास एंजिन थंडीत सुरू होत नाही, चढावर ओढत नाही किंवा मध्येच ठिणगी चुकवते. म्हणून मूळ वेटोळ्याच्या जागी अधिक क्षमतेचे वेटोळे बसविण्याची प्रथा मोटारगाड्यांच्या हौशी मालकांत व दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांत रूढ झाली आहे. अशा बदलाने काय साधते, काय साधत नाही आणि कोणत्या चुकांमुळे लाभाऐवजी हानी होते, यांचा विचार वेटोळ्याच्या कार्यतत्त्वावरूनच करता येतो.

इतिहास : मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. एका तारेच्या गुंडाळीतील प्रवाह बदलला म्हणजे शेजारच्या गुंडाळीत विद्युत् दाब निर्माण होतो, हे त्या शोधाचे सार होय. आयर्लंडमधील मेनूथ येथील निकोलस कॅलन यांनी १८३६ मध्ये या तत्त्वावर पहिले प्रवर्तन-वेटोळे तयार केले. पॅरिस येथील हाइन्रिख रूमकोर्फ यांनी १८५१ च्या सुमारास त्यात पुष्कळ सुधारणा केल्या. आर्मां फीझो यांनी १८५३ मध्ये खंडकाच्या संपर्काशी विद्युत् धारित्र जोडण्याची कल्पना मांडली. त्यामुळे संपर्काशी पडणारी ठिणगी कमी झाली व वेटोळ्याचा दाब वाढला. एत्येन लन्वार यांच्या १८६० मधील वायू एंजिनात मिश्रण पेटविण्यासाठी रूमकोर्फ वेटोळेच वापरले होते.

फोर्ड कंपनीच्या १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या ‘मॉडेल टी’ गाडीत प्रत्येक सिलिंडरास एक याप्रमाणे चार कंपक वेटोळी लाकडी पेटीत बसविलेली असत. चार्ल्स केटरिंग यांनी घटमाला, एकच वेटोळे, खंडक व वितरक यांची जी योजना सिद्ध केली ती १९१० सालच्या कॅडिलॅक गाड्यांत प्रथम आली आणि पुढे सुमारे साठ वर्षे जगभर प्रमाणभूत ठरली. यूरोपात बॉश कंपनीचा उच्च दाबाचा मॅग्नेटो दीर्घकाळ प्रचारात होता. गॉटलोप होनोल्ट यांनी तो १९०२ मध्ये विकसित केला होता. १९४८ च्या सीत्रोएन २ सीव्ही या छोट्या फ्रेंच गाडीत वितरकच नव्हता. तिच्यातील दोन टोकांचे वेटोळे दोन्ही सिलिंडरांत एकाच वेळी ठिणगी पाडत असे.

ट्रँझिस्टरच्या आगमनानंतर यांत्रिक संपर्काचे महत्त्व कमी होऊ लागले. पाँटिअ‍ॅक गाड्यांत १९६३ मध्ये ट्रँझिस्टरयुक्त प्रज्वलन ऐच्छिक म्हणून देण्यात आले. क्राइस्लर कंपनीने १९७३ च्या आपल्या अमेरिकी गाड्यांत संपर्करहित इलेक्ट्रॉनीय प्रज्वलन सरसकट बसविले आणि जनरल मोटर्सने १९७५ च्या गाड्यांत ‘उच्च ऊर्जा प्रज्वलन’ आणले. बॉशच्या १९७९ मधील ‘मोट्रॉनिक’ योजनेत इंधन अंतःक्षेपण व प्रज्वलन यांचे नियंत्रण एकाच इलेक्ट्रॉनीय नियंत्रकाकडे आले. यानंतर वितरक मागे पडला व प्रत्येक गुडदीवर स्वतंत्र वेटोळे बसविण्याची पद्धत हळूहळू रूढ झाली. अशा रीतीने मॉडेल टी गाडीतील ‘सिलिंडरागणिक वेटोळे’ ही कल्पना बऱ्याच काळाने नव्या रूपात परत आली.

रचना व कार्य : वेटोळ्यात पातळ पोलादी पत्र्यांच्या किंवा दाबून बनविलेल्या लोहचूर्णाच्या गाभ्याभोवती तांब्याच्या निरोधित तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. प्राथमिक गुंडाळी जाड तारेची व सामान्यतः शंभर ते तीनशे वेढ्यांची असते. द्वितीयक गुंडाळी केसासारख्या बारीक तारेची व हजारो वेढ्यांची असते. दोहोंच्या वेढ्यांचे गुणोत्तर बहुधा १:६० ते १:१५० या मर्यादेत असते. जुन्या दंडगोल वेटोळ्यांत निरोधनासाठी व उष्णता वाहून नेण्यासाठी खनिज तेल भरीत. आधुनिक वेटोळी एपॉक्सी रेझिनात घट्ट ओतलेली असतात.

खंडक किंवा ट्रँझिस्टर मंडल पूर्ण करतो तेव्हा प्राथमिक गुंडाळीत प्रवाह वाहू लागतो. गुंडाळीच्या प्रवर्तकतेमुळे (प्रवाहातील बदलास विरोध करण्याच्या गुणधर्मामुळे) हा प्रवाह एकदम पूर्ण मूल्यास पोहोचत नाही, क्रमाक्रमाने वाढतो. या अवधीत गाभ्याच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. या अवधीस भरण-काल म्हणता येईल. ठिणगीच्या क्षणी मंडल खंडित होते, क्षेत्र झपाट्याने नष्ट होते आणि प्राथमिक गुंडाळीच्या टोकांशी काही शेकडा व्होल्ट दाब निर्माण होतो. हा दाब ३५० व्होल्ट व वेढ्यांचे गुणोत्तर १:९० मानल्यास द्वितीयक गुंडाळीत आदर्श परिस्थितीत सुमारे ३१,५०० व्होल्ट मिळतात. प्रत्यक्षात गळती व अन्य व्यय यांमुळे हा आकडा काहीसा कमी भरतो.

वेटोळ्यात साठणारी ऊर्जा प्रवर्तकता व प्रवाहाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. ८ मिलिहेन्री प्रवर्तकता व ४ अँपिअर प्रवाह असलेल्या जुन्या धर्तीच्या वेटोळ्यात ६४ मिलिजूल ऊर्जा साठते. ३ मिलिहेन्री प्रवर्तकतेच्या पण ७·५ अँपिअर प्रवाह सहन करणाऱ्या आधुनिक वेटोळ्यात ती सुमारे ८४ मिलिजूल असते. ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाशी निगडित असल्याने प्रवाहात थोडी घट झाली तरी ठिणगीचा जोर पुष्कळ घटतो. वेटोळ्यांच्या सर्व सुधारणांमागे हेच सूत्र आहे.

जुन्या पद्धतीच्या मर्यादा : चार सिलिंडरांच्या चतुर्धाव एंजिनात भुजादंडाच्या प्रत्येक फेऱ्यात दोन ठिणग्या लागतात. एंजिन मिनिटास ६,००० फेरे करीत असल्यास सेकंदास २०० ठिणग्या, म्हणजे दर ५ मिलिसेकंदांस एक ठिणगी पडली पाहिजे. खंडकाचे संपर्क वितरक-दंडाच्या ९० अंशांपैकी सुमारे ६० अंशच मिटलेले राहत असल्याने भरण-काल ३·३ मिलिसेकंद उरतो. वर उल्लेखिलेल्या ८ मिलिहेन्रीच्या वेटोळ्याचा रोध ३ ओहम असल्यास एवढ्या वेळात प्रवाह ४ अँपिअरऐवजी सुमारे २·८५ अँपिअरपर्यंतच पोहोचतो व साठलेली ऊर्जा ६४ वरून ३३ मिलिजूलच्या आसपास येते. एंजिन मिनिटास १,५०० फेऱ्यांनी चालत असता मात्र भरण-काल १३ मिलिसेकंदांहून अधिक मिळतो व वेटोळे जवळजवळ पूर्ण भरते. वेग वाढला की ठिणगी क्षीण होते, या अनुभवाचे हे स्पष्टीकरण होय.

खंडकाच्या संपर्कांतून सुमारे ४ अँपिअरहून जास्त प्रवाह सतत नेला तर ते लवकर जळतात. म्हणून केवळ कमी रोधाचे वेटोळे बसवून जुन्या पद्धतीत ऊर्जा वाढविता येत नाही. खंडकाची जागा ट्रँझिस्टरने घेतली तेव्हाच ही मर्यादा दूर झाली. प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र वेटोळे दिल्यावर तर ६,००० फेऱ्यांनाही प्रत्येक वेटोळ्यास दोन ठिणग्यांमध्ये २० मिलिसेकंद मिळतात. शिवाय वितरकाचे टोपण, फिरता हात व लांब उच्च दाब तारा यांतून होणारी गळतीही टळते.

उष्णतेचा परिणामही दुर्लक्षणीय नाही. तांब्याचा रोध तापमानाच्या प्रत्येक अंशाला सुमारे ०·३९ टक्के वाढतो. २०° से. तापमानास ३ ओहम रोध असलेली गुंडाळी १००° से. तापमानास सुमारे ३·९ ओहम रोधाची होते. त्यामुळे १२ व्होल्ट दाबाखाली अंतिम प्रवाह ४ वरून सुमारे ३ अँपिअर होतो व साठणारी ऊर्जा साठ टक्क्यांच्याही खाली येते. घाटात गाडी तापल्यावर ठिणगी चुकू लागते आणि थांबून थंड झाल्यावर एंजिन पुन्हा नीट चालते, या तक्रारीचे एक नेहमीचे कारण तापलेले जुने वेटोळे हे असते.

आवश्यक दाब व उपलब्ध दाब : गुडदीच्या फटीतून ठिणगी उडण्यास लागणारा दाब फटीची रुंदी, त्या क्षणी तेथे असलेल्या वायूची घनता, अग्रांचा आकार व तापमान आणि मिश्रणाचे प्रमाण यांवर अवलंबून असतो. सामान्य एंजिनात तो १० ते २० हजार व्होल्टच्या दरम्यान असतो. संपीडन-गुणोत्तर जास्त असल्यास किंवा निष्कास वायूवर चालणारा टर्बो-अधिभारक असल्यास तो याहून बराच वाढतो. गुडदीची अग्रे झिजून फट रुंदावली किंवा त्यांच्या कडा गोल झाल्या तरीही तो वाढतो.

येथे एक सर्वसाधारण गैरसमज लक्षात घेतला पाहिजे. वेटोळ्याच्या वेष्टनावर छापलेला ४०,००० किंवा ६०,००० व्होल्ट हा आकडा त्याची कमाल क्षमता दर्शवितो. प्रत्यक्षात दाब शून्यापासून वाढत जातो व फट भेदली जाण्याइतका होताच ठिणगी उडून तो खाली येतो. फट १२,००० व्होल्टना भेदली जात असेल तर कोणत्याही वेटोळ्याचा दाब तेथे त्याहून फारसा वर चढत नाही. कमाल क्षमता ही विहिरीच्या दोराच्या लांबीसारखी समजावी : पाणी जितके खोल असेल तितकाच दोर खर्ची पडतो, पण तो अपुरा असल्यास घागर रिकामी येते. उपलब्ध दाब व आवश्यक दाब यांतील अंतर हा राखीव साठा होय. गुडद्या झिजल्या, हवा दमट झाली किंवा घटमाला उतरली तरी ठिणगी पडत राहावी यासाठी तो असतो.

निश्चल व योग्य प्रमाणातील मिश्रण पेटविण्यास मुळात मिलिजूलच्या एका अंशाइतकीच ऊर्जा पुरते. एंजिनात मात्र मिश्रण सर्वत्र सारखे नसते, ते वेगाने घुसळले जात असते व थंड अग्रे उष्णता शोषून घेतात. म्हणून ठिणगीला काही दशक मिलिजूल ऊर्जा व सुमारे एक ते दोन मिलिसेकंद आयुष्य देणे हिताचे ठरते. एकदा मिश्रण खात्रीने पेटले की ज्वालेचा पुढील प्रसार मिश्रणाच्या गुणधर्मांवर व घुसळणीवर ठरतो. ठिणगीचा जोर त्यापुढे वाढवून शक्तीत लक्षणीय भर पडत नाही.

सुधारणेचे खरे लाभ : वरील विवेचनावरून असे दिसते की, ज्या एंजिनात एकही ठिणगी चुकत नाही त्यात अधिक क्षमतेचे वेटोळे बसवून शक्ती वाढत नाही. जेथे ठिणगी चुकत होती तेथे ती चुकणे थांबल्याने गमावलेली शक्ती परत मिळते. ठिणगी चुकण्यास गॅरेजच्या भाषेत ‘मिसिंग’ म्हणतात. सुधारणेचा उपयोग पुढील परिस्थितींत होतो : (१) टर्बो-अधिभारकाचा दाब किंवा संपीडन-गुणोत्तर मूळ एंजिनापेक्षा वाढविले असल्यास, (२) इंधनाचे प्रमाण कमी असलेले विरळ मिश्रण किंवा परत खेळविलेला निष्कास वायू वापरला जात असल्यास, (३) संपीडित नैसर्गिक वायूसारख्या इंधनावर एंजिन चालविले जात असल्यास, कारण वायुरूप इंधनात ठिणगीस पेट्रोलपेक्षा जास्त दाब लागतो, (४) एंजिन दीर्घकाळ उच्च वेगाने चालवावे लागत असल्यास, आणि (५) मूळ वेटोळ्याची घडणच सदोष असल्यास.

पाचव्या प्रकारचे प्रसिद्ध उदाहरण फोक्सवॅगन समूहाच्या १·८ लिटर टर्बो एंजिनाचे आहे. २००१ ते २००३ या काळातील फोक्सवॅगन व आउडी गाड्यांत प्रत्येक गुडदीवर बसविलेली वेटोळी मोठ्या संख्येने निकामी झाली. एंजिन तीन सिलिंडरांवर धडधडू लागे व भर रस्त्यात गाडीचा जोर जाई. कंपनीने २००३ मध्ये अमेरिकेत ही वेटोळी बदलून देण्याची मोहीम हाती घेतली. पुढे त्याच समूहाच्या २·० लिटर टर्बो एंजिनासाठी बनविलेली सुधारित वेटोळी जुन्या एंजिनांत जोडतुकड्यांच्या साहाय्याने बसविण्याची पद्धत हौशी मालकांत पसरली. मूळ रचनेत वेटोळे केवळ दाबून बसविलेले असल्याने ते कंपनामुळे वर सरकत असे. जोडतुकडा स्क्रूने पक्का केल्याने तोही दोष जातो. या बदलाने मूळ अवस्थेतील एंजिनाची शक्ती वाढत नाही, पण भरवसा वाढतो आणि टर्बोचा दाब वाढविलेल्या एंजिनात राखीव साठा मिळतो. याच एंजिनाच्या आरंभीच्या काही प्रकारांत ट्रँझिस्टर वेटोळ्यात नसून वेगळ्या पेटीत होता. अशा गाडीत नवे वेटोळे तारांची मांडणी बदलल्याशिवाय चालत नाही.

वेटोळी निकामी होण्याची कारणे : उच्च दाबाखाली निरोधनातील सूक्ष्म पोकळ्यांत अल्प विद्युत् विसर्जन होत राहते व ते हळूहळू निरोधन पोखरते. तापणे व निवणे यांच्या आवर्तनांमुळे रेझीन, तांबे व लोखंड यांचे प्रसरण निरनिराळे होऊन चिरा पडतात. सिलिंडराच्या माथ्यातील खळग्यात उभी असणारी पेन्सिलीच्या आकाराची वेटोळी सतत उष्णतेत राहत असल्याने त्यांना हा त्रास अधिक होतो. वरच्या आच्छादनाची गळपट्टी झिजून तेल खळग्यात झिरपले म्हणजे वेटोळ्याचा रबरी बूट फुगतो व दाब बाजूने गळू लागतो. पावसाळ्यात दमट धूळ व मीठ साचूनही असाच गळतीचा मार्ग तयार होतो. किनाऱ्यावरील जुन्या गाड्यांत वितरकाच्या टोपणात काजळीसारख्या बारीक रेषा दिसतात, त्या याच मार्गाच्या खुणा होत.

सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे झिजलेली गुडदी होय. फट रुंदावली की प्रत्येक ठिणगीस वेटोळ्याला अधिक दाब निर्माण करावा लागतो. ठिणगीला फटीतून मार्ग मिळाला नाही, तर दाब कमाल मर्यादेपर्यंत चढून निरोधनातून वाट काढतो. म्हणून एकापाठोपाठ एक वेटोळी जळत असतील, तर नवे वेटोळे घेण्याआधी गुडद्या पाहणे शहाणपणाचे असते. गुडदीची तार काढून ती मोकळी धरून ठिणगी किती लांब उडते हे पाहण्याची जुनी रीत याच कारणाने वेटोळ्यास घातक आहे.

निवड व जोडणी : वेटोळे बदलताना प्राथमिक रोध, प्रवर्तकता, कमाल प्रवाह व भरण-काल हे चारही घटक जुळावे लागतात. आधुनिक गाडीत भरण-काल इलेक्ट्रॉनीय नियंत्रक ठरवितो. तो घटमालेचा दाब व एंजिनाचा वेग पाहून मूळ वेटोळ्याच्या गुणधर्मांनुसार वेळ देतो. नव्या वेटोळ्यास अधिक वेळ हवा असल्यास ते अर्धवट भरते व ठिणगी मूळच्याहूनही क्षीण होते. कमी वेळ हवा असल्यास गाभा संपृक्त होतो (त्याची चुंबकीय क्षेत्र वाढविण्याची क्षमता संपते), प्रवाह एकदम चढतो आणि ट्रँझिस्टर किंवा वेटोळे जळते. म्हणून नियंत्रकातील भरण-कालाची सारणी बदलण्याची सोय नसेल, तर मूळ वेटोळ्याशी समतुल्य पण उत्तम निरोधन असलेले वेटोळे घेणेच इष्ट असते.

खंडक असलेल्या जुन्या गाडीत १२ व्होल्टसाठी ३ ओहमच्या आसपास रोधाचे वेटोळे, किंवा १·५ ओहमचे वेटोळे व त्याच्याशी एकसरीत जोडलेला तेवढ्याच रोधाचा बाह्य रोधक, अशा दोन योजना आढळतात. दुसऱ्या योजनेत एंजिन सुरू करताना बाह्य रोधक वगळला जातो, त्यामुळे घटमालेचा दाब उतरला असतानाही ठिणगी जोरदार मिळते. १·५ ओहमचे वेटोळे रोधकाविना जोडल्यास प्रवाह ८ अँपिअरपर्यंत चढतो, संपर्क काही दिवसांतच जळतात व वेटोळे फुटण्याइतके तापू शकते. अशा गाडीत सुधारणा करावयाची असल्यास प्रथम वितरकात संपर्कांऐवजी चुंबकीय किंवा प्रकाशीय संवेदक बसवावा व नंतर त्याच्या मर्यादेत बसणारे वेटोळे निवडावे. ०·५ ते ०·६ मिमी. असलेली गुडदीची फट यानंतर ०·८ मिमी. वा त्याहून थोडी अधिक ठेवता येते. टर्बो-अधिभारित व वायुइंधनावरील एंजिनांत मात्र फट लहान ठेवणेच श्रेयस्कर ठरते.

विद्युत् धारित्र विसर्जन पद्धतीत ऊर्जा वेटोळ्यात न साठविता काही शेकडा व्होल्टना भारित केलेल्या धारित्रात साठवितात. तेथील वेटोळे केवळ रोहित्र म्हणून काम करते. या पद्धतीत दाब फार जलद चढतो व काजळी धरलेल्या गुडदीतही ठिणगी पडते, पण ती अल्पायुषी असते. दोन्ही पद्धतींची वेटोळी एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

ठिणगीची ध्रुवता हाही एक लक्ष देण्याजोगा मुद्दा आहे. गुडदीचे मधले अग्र तप्त असल्याने ते ऋण ठेवल्यास इलेक्ट्रॉन सहज सुटतात व कमी दाब पुरतो. जुन्या वेटोळ्याची प्राथमिक टोके उलटी जोडल्यास एंजिन चालते, परंतु दाबाची गरज वाढून राखीव साठा घटतो.

तारांच्या निष्काळजी जोडणीने उत्तम वेटोळेही वाया जाते. संपूर्ण भरलेल्या वेटोळ्याची ऊर्जा दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. गंजलेल्या जोडांमुळे १२ ऐवजी १०·५ व्होल्टच पोहोचत असतील, तर ऊर्जा सुमारे एक चतुर्थांशाने घटते. म्हणून सुधारणेचा प्रारंभ घटमालेच्या जोडण्या, भूयोजनाची तार व स्विच तपासून करावा. रोधयुक्त उच्च दाब तारा व गुडद्या काढून साध्या तांब्याच्या तारा घातल्यास रेडिओत व्यत्यय येतो आणि इलेक्ट्रॉनीय नियंत्रकाचेही काम बिघडू शकते.

परीक्षा व सुरक्षितता : ओहममापकाने प्राथमिक व द्वितीयक गुंडाळ्यांचा रोध मोजून तुटलेली तार ओळखता येते. परंतु मापकाचा दाब अत्यल्प असल्याने उच्च दाबाखाली होणारी निरोधनातील फूट त्यात दिसत नाही. खात्रीची परीक्षा दोलनदर्शकावर ठिणगीच्या दाबाचा आलेख पाहून होते. तो उपलब्ध नसल्यास संशयित वेटोळे शेजारच्या सिलिंडरावर बसवावे व दोष वेटोळ्याबरोबर सरकतो की त्याच सिलिंडरात राहतो ते पाहावे. दोष तेथेच राहिल्यास गुडदी, इंधन-अंतःक्षेपक किंवा संपीडन तपासावे.

ठिणगी चुकत असता गाडी रेटत राहणे महागात पडते. न जळलेले इंधन निष्कास नळीतील उत्प्रेरकी परिवर्तकात जाऊन जळते. त्यामुळे परिवर्तकाचे तापमान इतके चढते की त्याचा आतील चिनी मातीचा सच्छिद्र ठोकळा वितळू शकतो. एका वेटोळ्याची बचत करताना त्याहून कितीतरी महाग भाग गमावण्याची ही वाट होय. इलेक्ट्रॉनीय प्रज्वलनातील दाब व ऊर्जा माणसास इजा करण्याइतकी असते. हृदय-गतिकारक बसविलेल्या व्यक्तीस तर ती प्राणघातक ठरू शकते. म्हणून एंजिन चालू असताना वेटोळे वा तारा हाताळू नयेत. खळग्यात पेट्रोलची वाफ असण्याचा संभव असेल तेथे उघडी ठिणगी पाडणे सर्वथा टाळावे.

भारत : चेन्नई येथील लुकास-टीव्हीएस ही १९६१ मध्ये स्थापन झालेली कंपनी मोटारगाड्यांची विद्युत् सामग्री बनवीत आली आहे. ठिणगी-गुडद्यांचे उत्पादन बंगलोर येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीने सुरू केले. ही कंपनी पुढे बॉश या नावाने ओळखली जाऊ लागली. हिंदुस्थान अँबॅसडर व मुंबईत कुर्ला येथे बनणारी प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत केटरिंग पद्धतीचे प्रज्वलन दीर्घकाळ होते. मुंबईच्या टॅक्सी संपीडित नैसर्गिक वायूवर आल्या तेव्हा पेट्रोलवर चालून जाणारी थकलेली वेटोळी, झिजलेल्या गुडद्या व जुन्या तारा यांचे दोष उघडे पडले, कारण वायूला लागणारा दाब त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या. १९९५ पासून देशातील चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना उत्प्रेरकी परिवर्तक सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ ही निष्कासविषयक मानके देशभर लागू झाली. त्यामुळे चुकलेली ठिणगी ही केवळ चालकाची गैरसोय न राहता प्रदूषणाची बाब बनली आहे. विरळ मिश्रणावर चालणारी व लहान आकाराची टर्बो एंजिने प्रचारात येत असल्याने वेटोळ्यावरील भार वाढत आहे. अशा एंजिनांत वेळच्या वेळी बदललेली गुडदी, स्वच्छ जोड व एंजिनाशी जुळणारे वेटोळे यांनाच वेष्टनावरील मोठ्या आकड्यांपेक्षा अधिक महत्त्व आहे.